युनिट मोडकळीला आलंय की अपग्रेड झालंय, हे नजरेला कसं कळवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन जणांची टीम एक रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम (पाळी न लावता सगळे खेळाडू एकाच वेळी आपापलं सैन्य चालवतात असा गेम) बनवते आहे. गेममध्ये वीस प्रकारची युनिट्स (सैनिक, टँक, इमारती) आहेत. प्रत्येकाच्या नुकसानीच्या तीन पायऱ्या आणि अपग्रेडच्या तीन पायऱ्या दाखवायच्या म्हटल्या तर एकेका युनिटची नऊ रूपं होतात, म्हणजे एकूण १८० मॉडेल्स. एवढं काम तिघांना झेपणार नाही. मग हे सगळं सोडून हेल्थ बारवरच (युनिटचा उरलेला जीव दाखवणाऱ्या पट्टीवरच) भागवावं का?

भागवू नका, आणि १८० मॉडेल्सच्या वाटेलाही जाऊ नका. नुकसान आणि अपग्रेड या दोन वेगळ्या बातम्या आहेत. त्या एकाच वाटेने डोळ्यापर्यंत पाठवल्या की गुणाकार मानगुटीवर बसतो. अपग्रेड आकारातून सांगायचं. नुकसान पृष्ठभागातून आणि हालचालीतून सांगायचं. एवढी एक फारकत पाळली की गुणाकाराची बेरीज होते: वीस मूळ मॉडेल्स, काही जोडभाग, सगळ्यांना सामायिक असा एक शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा छोटा प्रोग्राम) आणि धूर-ज्वाळांचे मोजके इफेक्ट्स. तिघांची टीम हे करू शकते.

ही फारकत मला इतकी महत्त्वाची का वाटते, ते सांगतो. अपग्रेड एकदा झालं की सहसा परत जात नाही. ते प्रामुख्याने समोरच्या खेळाडूला कळायला हवं असतं, तेही लांबून, चकमक सुरू होण्याआधी, कारण 'भिडायचं की मागे फिरायचं' हे त्याला तेव्हाच ठरवायचं असतं. लांबून टिकतो तो आकार. नुकसान मात्र क्षणाक्षणाला बदलतं, दुरुस्तीने परतही येतं, आणि ते ऐन धुमश्चक्रीत कळावं लागतं: यातला कोणता टँक मागे खेचू, शत्रूच्या कोणत्या टँकवर सगळ्यांचा मारा एकवटू. अशा गर्दीत नजर सगळ्यात आधी हालचालीकडे आणि उजेड-अंधाराच्या फरकाकडे जाते. दोन्ही बातम्या पृष्ठभागावरच लिहिल्या, म्हणजे अपग्रेडला चकचकीत धातू आणि नुकसानीला काजळी, तर अर्धा काळवंडलेला अपग्रेडेड टँक आणि धडधाकट साधा टँक सारखेच दिसू लागतात.

आता आधी अपग्रेडचं बघू. प्रत्येक अपग्रेड दिसलंच पाहिजे असं अजिबात नाही. माझी कसोटी एकच: हे अपग्रेड माहीत असेल तर समोरचा खेळाडू वेगळं वागेल का? 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) मध्ये मिलिशियाचा मॅन-ॲट-आर्म्स होतो, पुढे लाँग स्वोर्ड्समन, टू-हँडेड स्वोर्ड्समन आणि चॅम्पियन, आणि दर पायरीला स्प्राइट (युनिटचं सपाट चित्र) बदलतो. पण लोहाराकडचं 'फोर्जिंग' संशोधन केलं तर सैनिकाच्या अंगावर काहीच बदलत नाही, हल्ल्याचा आकडा तेवढा वाढतो. ही निवड मला पटते. ज्या बदलाने युनिटची पायरीच बदलते तो दिसतो. आकड्यातली किरकोळ वाढ पॅनेलमध्ये राहते.

'स्टारक्राफ्ट २' ने हीच गोष्ट आणखी नेमकी केली. झर्गलिंगना वेगाचं अपग्रेड मिळालं की पंख फुटतात. बेनलिंगना मिळालं की ते चालायचं सोडून गोळा होऊन घरंगळत येतात. मरीनला कॉम्बॅट शील्ड मिळाली की हातात ढाल दिसते. हेलियनची ज्वाळा अपग्रेडनंतर निळी होते. या चारही ठिकाणी बदल युनिटच्या कामाशी बांधलेला आहे. पंख म्हणजे वेग, ढाल म्हणजे तग, निळी ज्वाळा म्हणजे जास्त जाळ. अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. निव्वळ खांद्यावर सोनेरी पट्टी दिली असती तर 'काहीतरी वाढलंय' एवढंच कळलं असतं.

'कमांड अँड कॉन्कर: जनरल्स' (२००३) मधला चिनी ओव्हरलॉर्ड टँक मी नव्या लोकांना नेहमी बघायला सांगतो. त्याच्या टपावर गॅटलिंग तोफ, प्रचाराचा भोंगा किंवा बंकर यातलं एकच काहीतरी बसवता येतं. तिन्हींचे आकार वेगळे, कामं वेगळी, आणि तिन्ही टपावर. स्ट्रॅटेजी गेमचा कॅमेरा वरून, तिरका बघतो. त्याला दिसतात टप, खांदे, पाठ आणि छपरं. चाकांशेजारचं चिलखत, छातीवरचं पदक, नळीच्या तोंडाशी कोरलेली नक्षी यावर आर्टिस्टचे तास खर्ची पडतात आणि खेळताना त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मॉडेलवर काम करतानाच व्ह्यूपोर्टचा (मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या बघायच्या खिडकीचा) कॅमेरा गेमच्या कोनात आणि गेमच्या अंतरावर लॉक करून ठेवा. जवळून फिरवून बघायचा मोह फार होतो.

आकार किती बदलावा? पडद्यावर तुमचं युनिट साधारण चाळीस-पन्नास पिक्सेल उंच असणार. माझा ठोकताळा असा की जोडभाग त्या उंचीच्या सहाव्या भागाहून लहान असेल तर तो नसल्यातच जमा. तपासायची रीत सोपी आहे. सगळ्या पायऱ्या एका ओळीत मांडा, संपूर्ण काळ्या करा, गेममधल्या आकाराला आणा आणि टीमबाहेरच्या कुणालाही विचारा की यातला वरचढ कोणता. पण याला दुसरी बाजूही आहे: तिसऱ्या पायरीचा टँक हा टँकच वाटला पाहिजे. नळी इतकी लांबवली की तो लांब पल्ल्याच्या तोफेसारखा दिसू लागला, तर समोरचा खेळाडू चुकीच्या युनिटविरुद्ध तयारी करेल. मूळ बाह्याकृती तशीच ठेवून वर भर घालायची, ती बदलायची नाही.

नुकसानीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण इथे खरेपणाचा मुद्दा येतो. बहुतेक रिअल-टाइम गेम्समध्ये एक हिटपॉइंट (जिवाचा एक गुण) उरलेलं युनिटही पूर्ण ताकदीने मारतं आणि पूर्ण वेगाने पळतं. अशा गेममध्ये जखमी युनिट लंगडताना दाखवलं तर खेळाडूला वाटतं की ते हळू झालंय. तो त्या हिशेबाने पाठलाग करतो आणि फसतो. त्यामुळे लंगडणं, अडखळणं, नळी खाली झुकणं हे सगळं तिथेच वापरा जिथे नियमही तेच सांगतात. 'कंपनी ऑफ हीरोज' (२००६) मध्ये रणगाड्याचं इंजिन खरोखर निकामी होतं आणि तो खरोखर मंदावतो. तिथे ते दाखवणं योग्यच. त्याच गेममध्ये पायदळाची तुकडी माणसं गमावत जाते. माणसं कमी म्हणजे तग कमी आणि माराही कमी. सहाची तिघांवर आलेली तुकडी बघताक्षणी सगळं कळतं, वेगळं चित्र काढावं लागत नाही. नुकसान दाखवायची याहून चांगली पद्धत मला या प्रकारच्या गेम्समध्ये सापडलेली नाही. 'सिव्हिलायझेशन ५' मध्येही युनिटमधल्या आकृत्या हेल्थप्रमाणे कमी होतात आणि घायाळ युनिटची लढायची ताकदही घटते. तुमचं पायदळ तुकड्यांचं असेल तर त्याचा प्रश्न इथेच सुटला.

सुटं पायदळ असेल तर? मग त्याच्या नुकसानीवर काही करू नका. चाळीस पिक्सेलच्या माणसावर रक्ताचा डाग दिसत नाही आणि तो तीन-चार सेकंदांत पडणारच असतो. कष्ट कुठे घालायचे हे ठरवताना युनिट 'जखमी पण जिवंत' अवस्थेत किती वेळ काढतं ते बघा. तिरंदाज काही क्षण काढतो, टँक अर्धा मिनिट काढतो, इमारत दहा मिनिटं काढू शकते. 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये सैनिकाच्या अंगावर जखम दिसत नाही पण इमारती पेटतात, हे मला याच हिशेबाने योग्य वाटतं. तुमच्या वीसपैकी निम्म्याहून जास्त युनिट्स या चाळणीतच गळतील.

उरलेल्यांसाठी किती पायऱ्या? तीन पुरेत: ठीक, खराब, मरणपंथाला. उंबरठे आकड्यांत लिहा आणि कोडमध्ये गाडून न टाकता डेटा फाइलमध्ये ठेवा. 'रेड अलर्ट' (१९९६) च्या नियमांच्या टेक्स्ट फाइलमध्ये कंडिशन यलो ५० टक्के आणि कंडिशन रेड २५ टक्के अशा साध्या ओळी होत्या. असं असलं की डिझायनर प्रोग्रामरची वाट न बघता आकडे फिरवून बघतो. शेवटचा उंबरठा एखाद्या नियमाशी जोडता आला तर फार उत्तम. पहिल्या 'स्टारक्राफ्ट' (१९९८) मध्ये टेरन जमातीच्या इमारतीची हेल्थ एक तृतीयांशाखाली गेली की दुरुस्ती होईपर्यंत ती आपोआप जळत राहते आणि शेवटी कोसळते. त्यामुळे तिथली आग शोभेची राहत नाही, ती खेळाडूला कामाला लावते. त्याच गेममध्ये प्रोटॉस इमारतींतून निळ्या ज्वाळा निघतात आणि झर्ग इमारतींतून रक्त वाहतं. तीन जमातींची नुकसानीची भाषा तीन तऱ्हांची, पण ती मांडायचा सांगाडा एकच. तुमच्याकडे दोन जमाती असतील तर एवढं तरी जरूर करा. इफेक्टचं टेक्स्चर आणि रंग बदलून काम होतं.

आता एक टँक अगदी जवळून बघू, म्हणजे हे प्रत्यक्षात कसं बसतं ते कळेल.

मूळ टेक्स्चरसोबत (मॉडेलवर चढवलेल्या चित्रासोबत) एक मास्क टेक्स्चर घ्या, म्हणजे न दिसणारं, फक्त शेडरला सूचना देणारं चित्र. चित्रात लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांचे थर असतात; त्याच्या लाल चॅनेलमध्ये आर्टिस्ट 'नुकसानीचा क्रम' रंगवतो: जिथे आधी खराब व्हायचं तिथे पांढरं, जिथे शेवटी व्हायचं तिथे काळं. कडा, कोपरे, पुढचा तिरपा पत्रा आणि इंजिनवरची जाळी पांढऱ्याकडे. टपाचा मधला भाग काळ्याकडे. शेडरला प्रत्येक टँकमागे एकच आकडा मिळतो, शून्य ते एक, किती नुकसान झालंय तो. शेडर त्या पिक्सेलचा क्रम आणि हा आकडा ताडून बघतो आणि उंबरठा ओलांडला असेल तर तिथे काजळी किंवा उघडा धातू दाखवतो. हेल्थ उतरेल तशी काजळी कडांकडून आत सरकते, दुरुस्ती झाली की आल्या वाटेने परत जाते. एक टेक्स्चर, एक मटेरियल. पडद्यावर दोनशे टँक दोनशे वेगळ्या अवस्थांत असले तरी इन्स्टन्सिंग (एकाच मॉडेलच्या अनेक प्रती एका आज्ञेत रंगवणं) मोडत नाही, कारण फरक फक्त प्रत्येकाच्या त्या एका आकड्याचा आहे. याऐवजी 'खराब टँक'चं वेगळं मटेरियल करून लावलं की एका ड्रॉ कॉलचे (ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या रंगवण्याच्या आज्ञेचे) तीन होतात, आणि हे प्रत्येक प्रकारच्या युनिटला लागू होतं.

हिरवा चॅनेल टीम कलरसाठी (मालक ओळखायच्या रंगासाठी) राखून ठेवा आणि काजळीला तिथे जवळपास मज्जाव करा. हा टँक कुणाचा आहे ही माहिती नुकसान आणि अपग्रेड या दोन्हींहून मोठी आहे. होरपळून काळ्या झालेल्या टँकचा मालक ओळखू आला नाही तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

निळ्या चॅनेलमध्ये अपग्रेडचा काही उजळणारा भाग ठेवता येईल, पण खरं काम जोडभागांचं. टपावरची मशीनगन, बाजूची जाड चिलखती पाटी, मागची पेटी हे सगळं एकाच मेशमध्ये (मॉडेलच्या जाळीत) बनवा आणि प्रत्येक भाग स्वतःच्या बोनला (मॉडेलचा भाग हलवणाऱ्या अदृश्य हाडाला) बांधा. भाग नको असेल तेव्हा त्या बोनचा स्केल शून्य करा. भाग अदृश्य होतो, मेश एकच राहतो. याच युक्तीने मरणपंथाला लागलेल्या टँकवरची बाजूची पाटी काढून टाकता येते. नऊ रूपं तयार झाली आणि फाइल मात्र एकच. पत्र्याला पोचे पाडायच्या भानगडीत पडू नका, या अंतरावरून ते दिसत नाहीत.

धुराबाबत फार हात आखडता ठेवा. तीस टँक जळत असतील आणि प्रत्येकातून दाट धूर निघत असेल तर पडद्यावर लढाईच दिसत नाही, शिवाय अर्धपारदर्शक थर एकावर एक रंगवताना ग्राफिक्स कार्डाचा दम निघतो. धूर विरळ ठेवा, सगळ्यांचा एकाच दिशेला वाहू द्या आणि तो इंजिनच्या बाजूने निघू द्या, म्हणजे टप आणि त्यावरचं अपग्रेड मोकळं दिसेल. पडद्यावर एकावेळी किती धुराडी चालतील याला कमाल मर्यादा घाला आणि प्राधान्य निवडलेल्या युनिट्सना द्या. ज्वाळा फक्त शेवटच्या पायरीला. सगळंच पेटलेलं असलं तर पेटण्याला अर्थ उरत नाही.

एक छोटी गोष्ट, पण टाळली तर फार खटकते: उंबरठ्यावर लपंडाव होऊ देऊ नका. टँक ३० टक्क्यांच्या आसपास मार खातोय आणि त्याच वेळी दुरुस्तही होतोय, तर ज्वाळा दर अर्ध्या सेकंदाला लागते-विझते. आत जायचा उंबरठा ३० ठेवा, बाहेर यायचा ३६ ठेवा. प्रश्न मिटला.

तसंच अपग्रेड पूर्ण झाल्याच्या क्षणी शंभर युनिट्स एकदम रूप बदलतात तेव्हा पडद्याला झटका बसल्यासारखं वाटतं. युनिटच्या क्रमांकावरून प्रत्येकाला शून्य ते एक सेकंदाची उशिराची वेळ द्या, सोबत छोटी चमक आणि एक आवाज. आकडे लगेच बदलतात, रूप सेकंदाभरात ओळीने बदलत जातं.

क्रमांकावरून म्हटलं, रँडमवरून नाही, आणि त्याला कारण आहे. मल्टीप्लेअर असेल आणि तुम्ही लॉकस्टेप वापरत असाल, तर प्रत्येक मशीनला फक्त खेळाडूंच्या आज्ञा मिळतात आणि बाकी सगळा हिशेब प्रत्येक मशीन स्वतः, तंतोतंत सारखा करते. धुराचा कण कुठे उडेल यासाठी सिम्युलेशनच्याच (खेळाच्या नियमांचा हिशेब करणाऱ्या भागाच्याच) रँडम जनरेटरमधून एक आकडा काढला, आणि दुसऱ्या खेळाडूच्या पडद्यावर तो टँक नसल्यामुळे त्याच्याकडे तो काढला गेला नाही, की दोन्ही मशीनवरचे पुढचे सगळे आकडे वेगळे निघतात आणि सामना फुटतो. असा डिसिंक शोधणं अतिशय जिकिरीचं असतं. दृश्यांसाठी वेगळा जनरेटर ठेवा. दिसणारी बाजू सिम्युलेशनमधून फक्त वाचते, तिथे लिहीत कधीच नाही. गळून पडलेली पाटी कुणाच्या वाटेत यायला नको. मोडलेल्या टँकचा सांगाडा खेळाचा भाग करायचा असेल, जसा 'टोटल ॲनायहिलेशन' (१९९७) मध्ये तो होता आणि त्यातून धातू परत मिळवता येत असे, तर तो सिम्युलेशनची रीतसर वस्तू म्हणून बनवा.

फॉग ऑफ वॉरचा, म्हणजे आपल्या युनिट्सच्या नजरेबाहेरचा नकाशा झाकणाऱ्या धुक्याचा मुद्दा लोक हमखास विसरतात. शत्रूची इमारत एकदा दिसली आणि पुन्हा धुक्यात गेली की खेळाडूला तिची शेवटची आठवण दिसते. तुमचा शेडर मात्र इमारतीची खरी, या क्षणीची हेल्थ वाचत असेल तर धुक्यातली इमारत खेळाडूच्या डोळ्यांदेखत दुरुस्त होत जाते, तिच्यावर नवा मजला चढतो, आणि न पाठवलेल्या टेहळणीची माहिती त्याला फुकट मिळते. धुक्यात जाताना नुकसानीचा आकडा आणि अपग्रेडची पायरी या दोन्हींची प्रत काढून ठेवा आणि शेडरला ती प्रत द्या.

हेल्थ बार राहू द्याच. चित्र ढोबळ सांगतं, नेमकेपणा बारकडे आहे. निवडलेल्या किंवा कर्सरखालच्या युनिटवर तो दाखवा, एक कळ दाबून सगळ्यांवर दिसेल अशी सोय ठेवा. बारच्या लाल-हिरव्यावर विसंबू नका; हे दोन रंग वेगळे न दिसणारे खेळाडू बरेच असतात. बारची लांबी, काजळीचा अंधार आणि ज्वाळेची हालचाल या तिन्ही गोष्टी त्यांनाही दिसतात. कॅमेरा फार लांब जाऊ देणार असाल, 'सुप्रीम कमांडर' (२००७) सारखा, की मॉडेलच्या जागी चिन्हं येतात, तर अपग्रेडची खूण त्या चिन्हात आली पाहिजे. तिथे नुकसान सोडून दिलं तरी चालेल.

गेम टू-डी स्प्राइट्सचा असेल तर हिशेब वेगळा आहे. पाच दिशा, चार ॲनिमेशन्स, प्रत्येकी दहा फ्रेम्स म्हणजे एका युनिटच्या दोनशे फ्रेम्स. नऊ रूपं केली की अठराशे. पाचच दिशा काढून उरलेल्या तीन आरशात उलटवायची पद्धत असेल तर आणखी एक अडचण येते: डाव्या बाजूला लटकणारी पाटी टँक वळला की उजवीकडे जाते. म्हणून स्प्राइटचे जोडभाग मधोमध ठेवा, अपग्रेडपुरताच नवा स्प्राइट काढा आणि नुकसान पूर्णपणे वरून लावलेल्या धूर-ज्वाळांवर सोपवा. दर फ्रेमला धुराचा बिंदू कुठे असेल त्याचे दोन आकडे नोंदवले की झालं.

सुरुवात एका इमारतीने आणि एका टँकने करा. बाकी अठरांना हात लावण्याआधी एक चाचणी घ्या. सगळे हेल्थ बार बंद करा, बारा टँकांची चकमक लावा, मध्येच पॉज करा आणि गेम न पाहिलेल्या माणसाला सांगा: यातले सगळ्यात वाईट अवस्थेतले तीन टँक दाखव, आणि समोरच्या बाजूचे अपग्रेड झालेले कोणते ते सांग. पहिल्या प्रश्नावर अडखळला तर आधी धूर कमी करून बघा. बहुतेक वेळा काजळी पुरेशी असते आणि धुरानेच ती झाकलेली असते. दुसऱ्यावर अडखळला तर जोडभाग मोठा करा, रंग बदलत बसू नका.